उसन्या पाण्याचा पाहुणचार

हौशीरामभाऊंना सरकारच्या योजना कळायच्या त्या किराण्याच्या पुड्यांवरून. जुन्नरच्या बाजारातून आणलेली हळद, मोहरी, जिरं साळुबाई डब्यात ओतायची आणि रिकामा कागद चुलीत न घालता नवऱ्याच्या हातात द्यायची. भाऊ तो मांडीवर ठेवून तळहातानं इस्त्री करायचे, आधी नाकाला लावायचे आणि मग वाचायला घ्यायचे. क्रिकेटचा सामना कोण जिंकलं, सरकार कुणाचं पडलं, असल्या किरकोळ गोष्टी ते ओलांडून जायचे. कुठं 'शेतकरी बंधूंनो' किंवा 'अनुदान' असं दिसलं, की मात्र हळदीनं पिवळ्या झालेल्या त्या कागदापेक्षा भाऊंचा चेहरा जास्त उजळायचा.

अडचण एवढीच, की मिश्रीलालशेठच्या दुकानात वर्तमानपत्र पुडी होण्याच्या योग्यतेला पोहोचेपर्यंत त्यातल्या योजनेची मुदत संपलेली असायची. त्यामुळं तालुक्यात सर्वांत जास्त योजना ठाऊक असलेला माणूस हौशीरामभाऊ, आणि त्यातली चालू असलेली एकही ठाऊक नसलेला माणूसही हौशीरामभाऊच.

शिवाय पुडी बांधताना कागद फाडायचा असतो. अर्धी योजना भाऊंच्या हळदीभोवती आणि उरलेली अर्धी दुसऱ्या कुणाच्या डाळीभोवती, असं कायम व्हायचं. मग भाऊ वाडीत घरोघर फिरायचे.

"जानकू, तुमच्या तुरीच्या डाळीचा कागुद हाय का रं?"

"हाय की! आमची सून सकाळीच म्हणली, भाऊ येतील म्हून ठिवलाय. काय मिळतंय औंदा?"

"मेंढ्या मिळत्यात. पर कुणाला मिळत्यात, ते तुझ्या डाळीवर हाय."

मी हिरडवाडीच्या शाळेवर हजर झालो ते चौऱ्याण्णव साली. मढच्या फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि पुढं डोंगराच्या कुशीत चालत जायचं. पहिल्याच संध्याकाळी भाऊ भेटायला आले. टोपी नीट केली आणि म्हणाले, "गुरुजी, अक्षर कसं हाय तुमचं?" मला वाटलं, पोरांच्या काळजीनं विचारतायत. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचे अर्ज लिहायला लागलो.

वाडीचं दुखणं विचित्र होतं. माळशेजच्या अलीकडचा हा मुलूख. पावसाळ्यात असा धो धो कोसळायचा की शाळेची घंटा शाळेतच ऐकू यायची नाही. पण सगळं पाणी डोंगरावरून जे पळत सुटायचं, ते जणू त्याची एसटी चुकणार होती. खाली धरणात जाऊन ते दुसऱ्यांच्या उसाला मिळायचं. आणि इकडं शिमगा आला, की वाडीच्या विहिरीचा तळ दिसायला लागायचा.

त्या दिवसांत वाडीत एक रीत होती. होळी पेटली, की दुसऱ्या दिवशी सकाळी बायका विहिरीवर जमायच्या आणि वयानं मोठी असेल तिनं आत खडा टाकायचा. सगळ्या कान देऊन ऐकायच्या. 'डुबुक' वाजलं तर अजून थोडे दिवस राहायचं. 'टक्क' वाजलं तर गाठोडी बांधायची. मी तिथं असताना विहीर दर वर्षी 'टक्क'च म्हणाली. मग दारांना कुलपं लागायची आणि अर्धी वाडी मंचरच्या बाजूला कांदे काढायला, बटाटे वेचायला निघून जायची. उरायची ती म्हातारी माणसं, जनावरं, शाळेतला मी आणि चार पोरं, आणि या सगळ्यांना राखायला हौशीरामभाऊ. दऱ्यात खाली एक झरा होता. त्यावर आम्ही कसेबसे निभायचो.

साळुबाई दर वर्षी जायची. ती निघाली की भाऊ फाट्यापर्यंत गाठोडं घेऊन जायचे आणि एसटी सुटली तरी उभेच राहायचे. एकदा परत येताना मला म्हणाले, "गुरुजी, लगीन झालं तवा ही इचारत व्हती, तुमच्याकडं उन्हाळा कसा असतो? मी म्हनलं, गार असतो. आन तेवापासून येक उन्हाळा ही घरात न्हाई. गार हाय का ऊन, तिला कसं कळायचं?"

आणि हसले. मीही हसलो. पण तेव्हा मला कळलं, की या माणसाला मेंढ्या नको होत्या, इंजिन नको होतं. शिमग्यानंतर साळुबाईचं गाठोडं बांधलं जाऊ नये, एवढी एकच योजना तो पुड्यांच्या कागदांत शोधत होता.

तसं पाहिलं तर काही योजना वाडीपर्यंत पोहोचल्याही होत्या. बिनधुराची चूल आली, तिच्यात कोंबडी अंडी घालायला लागली. साळुबाईचं म्हणणं, "चूल लई चांगली हाय, कोंबडीला लई मानवली." गोबरगॅस आला. पण उन्हाळ्यात पाण्यावाचून गुरं पाहुण्यांकडं धाडावी लागत, तेव्हा गुरांबरोबर शेणही पाहुण्यांकडं जाई आणि ज्योत विझे. फळबागेची आंब्याची कलमं आली. ती चैतात एकेक करून वाळली. जे एक वाचलं, ते साळुबाईनं आणि ती मंचरला गेल्यावर भाऊंनी खरकट्या पाण्यावर जगवलं म्हणून. त्या झाडाला वाडीत 'सरकारी आंबा' म्हणत. त्याची कैरीसुद्धा कुणी न विचारता तोडत नसे.

"गुरुजी," भाऊ एकदा म्हणाले, "सरकार आपल्याला समदं देतंय, फक्त त्याच्यावर वतायला पाणी देत न्हाई. आधी पाण्याची योजना बघितली पायजे. बाकीच्यांचे कागुद आता चुलीत घाल म्हनलं हिला."

ती योजना सापडली सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर, आणि सापडली ती चक्क कोऱ्या करकरीत कागदावर. भाऊंबरोबर मी जुन्नरला गेलो होतो. बाजारपेठेतल्या एका गल्लीत मिश्रीलालशेठचं दुकान. शेठ मूळचे राजस्थानकडचे, पण त्यांच्या आजोबांपासून जुन्नरचेच. भाऊंना पाहताच त्यांनी गादीखालून त्याच दिवशीचा पेपर काढला.

"हौशीरामभाऊ, आज पुडी नाही, आख्खा पेपर! पान पाच वाचा. आणि वास घेऊ नका, ताजा आहे."

पाणलोटाची योजना होती. डोंगरावर चर खणायचे, ओढ्याला बांध घालायचे, पळणारं पाणी जागीच जिरवायचं. काम वाडीतल्याच लोकांनी करायचं, मजुरी सरकारची. जिथं पाण्याची टंचाई आहे, अशा गावांकडून अर्ज मागवले होते. भाऊंनी ते एकदा वाचलं. मग मला वाचायला लावलं. मग शेठना म्हणाले, "मुदत?"

"अजून महिना आहे."

भाऊ दुकानाच्या पायरीवर बसलेच. शेठनी आत बायकोला हाक मारली, "कंचनबाई, चहा टाका! भाऊंना मुदतीतली योजना मिळालीय!"

अर्ज मी लिहिला. माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर अक्षर त्या अर्जात गेलं. भाऊ तालुक्याच्या ऑफिसात इतक्या वेळा गेले, की तिथला शिपाई सुट्टीवर असला तर लोक पत्ते भाऊंना विचारत. शेवटी निरोप आला. शिमग्याच्या आधी साहेब स्वतः पाहणीला येणार. वाडीत खरंच टंचाई आहे का, ते डोळ्यांनी पाहणार.

आता इथं काय व्हायला हवं होतं, ते सांगायला नको. साहेबांना कोरडी विहीर दाखवायची, रिकामे हंडे दाखवायचे, झालं. पण साहेब म्हणजे पाहुणा! आणि हिरडवाडीत जीपमधून पाहुणा त्याआधी फक्त मतं मागायला आला होता. भाऊंच्या ओसरीवर बैठक बसली आणि तिचं बोलणं पहिल्या घोटालाच टंचाईवरून पाहुणचारावर घसरलं.

"साह्यबाला पाणी कसलं द्यायचं? आपलं झऱ्याचं? त्याच्यात पाला असतो."

"आमच्या मेव्हण्याकडं मढला बोअर हाय. बैलगाडीवर पिपं आनू."

"आन धुरळा? जीप आली की समदा धुरळा जेवणात. सडा टाकाया पायजे."

"म्हशी आणा दोन, मेव्हण्याच्याच. चहाला दूध लागंल."

मीही त्यात होतो. शाळेतर्फे लेझीम ठरवली.

साहेब आले त्या दिवशी हिरडवाडी मी कधी पाहिली नव्हती तशी दिसत होती. फाट्यापासून शाळेपर्यंत ओला सडा. दारोदार आंब्याच्या डहाळ्यांची तोरणं. ओसरीवर घासूनपुसून लखलखीत केलेल्या हंड्यांची उतरंड, काठोकाठ भरलेली. साहेब उतरताच जानकूनं परात आणून त्यांचे पाय धुतले. बिचारे नको नको म्हणत होते, तोवर दुसरा तांब्या ओतलाही होता. आतून साळुबाईनं केलेल्या मासवडीचा वास येत होता. तिनं त्या वर्षी मंचरच्या मुकादमाला कळवलं होतं, की या खेपेला मी येईन की नाही, सांगता येत नाही. हे ती सगळ्यांना सांगत होती. अगदी उगाचच सांगत होती.

साहेब पाणी प्यायले. म्हणाले, "वा! पाणी गोड आहे हो तुमच्या वाडीचं."

आणि इथं हौशीरामभाऊंची छाती फुगली. "साह्यब," ते म्हणाले, "आमच्या वाडीचं पाणीच तसं हाय!"

मी मागून त्यांचा सदरा ओढला. त्यांना वाटलं, मी शाबासकी देतोय.

"विहीर पाहायची होती," साहेब म्हणाले.

"बघू की! हिर काय पळून जाती व्हय? आधी जेवण."

जेवण असं झालं, की साहेबांना ओसरीवर डुलकी लागली. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि ड्रायव्हर घाई करत होता. तेवढ्यात जानकूला वाटलं, जीप फार मळलीय. मळकी जीप पाहुण्यानं परत न्यायची म्हणजे वाडीची काय शोभा? उरलेलं एक पीप त्यानं जीपवर ओतलं. चाकं पार आतून धुतली. साहेब निघाले ते चकचकीत जीपमधून, पोरांची लेझीम ऐकत.

पंधरवड्यानं भाऊ ऑफिसातून परत आले ते फाट्यावरून हळूहळू चालत. ओसरीवर टेकले. साळुबाई पाणी घेऊन बाहेर आली.

"काय म्हणलं?"

"न्हाई म्हणले. आपल्या वाडीत टंचाई न्हाई."

"आवं, पर तुमी सांगायचं की, ते पाणी उसनं व्हतं!"

"सांगितलं. साह्यब म्हणले, हौशीराम, मी स्वतः बघितलं. डोळ्यांनी न्हाई, पायांनी बघितलं. जिथं जीप धुत्यात तिथं कसली आलीय टंचाई?"

 जानकू मान खाली घालून बसला होता. त्यानं हळूच विचारलं, "मग काय जीप मळकीच धाडायची व्हती?"  शिमगा झाला. विहीर 'टक्क' म्हणाली. साळुबाईनं गाठोडं बांधलं. मुकादमाला तिनं नवीन निरोप धाडला.

जाताना भाऊंना म्हणाली, "परत जावा त्यांच्याकडं. म्हणावं, न सांगता या. सांगून आलात, तर आमी परत तेच करू. आमच्यानं राहवायचं न्हाई."

भाऊ गेले. शब्दाला शब्द तसंच सांगितलं. साहेब म्हणे हसले. मग म्हणाले, "बघू."

चैताच्या अखेरीस, भर दुपारी, शाळेसमोर जीप येऊन थांबली. बॉनेटमधून वाफ येत होती. चढानं इंजिन तापलं होतं. साहेब उतरले. वाडीत एकेका दाराला कुलूप. ओसरीपुढं भाऊ सरकारी आंब्याच्या सावलीत दोरी वळत होते. साहेबांना पाहून ताडकन उठले.

"या, या! बसा! गुरुजी, घोंगडी आणा."

"आधी पाणी द्या, हौशीराम. घसा सुकलाय."

भाऊंकडं तेव्हा पहाटे झऱ्यावरून आणलेली एकच कळशी होती. सगळ्या दिवसाची. मी त्यांच्याकडं पाहिलं. म्हटलं, आता बोलतील. आता म्हणतील, साहेब, हेच आहे बघा. बोलायची वेळ याहून चांगली कधी येणार?

भाऊंनी तांब्या भरून दिला. साहेबांनी दुसरा मागितला. दिला. ड्रायव्हर डबा घेऊन आला, "भाऊ, गाडीला पायजे थोडं." भाऊंनी कळशी उचलली आणि त्याच्या डब्यात उपडी केली. तळाशी थेंब राहिले, तेही ठोकून काढून दिले.

"एवढ्यानं भागायचं नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"आणतो की! बसा तुमी सावलीला. हा गेलो आन आलो." आणि भाऊ रिकामी कळशी खांद्यावर घेऊन दऱ्याकडं उतरले.

मी आणि साहेब बसलो. साहेबांनी तालुक्याच्या गोष्टी काढल्या. त्या संपल्या. जिल्ह्याच्या काढल्या. त्याही संपल्या. ड्रायव्हर जीपखाली जाऊन झोपला.

"गुरुजी, विहीर किती लांब आहे?"

"ही काय, शाळेमागंच."

"मग हा माणूस गेला कुठं?"

 मलाही पाहुण्यासमोर म्हणवेना, की विहिरीत पाणी नाही. तिथं राहून मीही हिरडवाडीचाच झालो होतो. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, उठले आणि शाळेमागं जाऊन विहिरीत डोकावले. बराच वेळ डोकावून राहिले. मग म्हणाले, "चला, कुठं गेलाय तो, दाखवा."

दऱ्याची वाट निसरड्या गोट्यांची. साहेबांचे बूट दोनदा घसरले. खाली खडकाच्या कपारीत भाऊ उकिडवे बसले होते. झरा म्हणजे ओलसर चीर. खाली तळहाताएवढी खळगी. ती भरायची वाट पाहायची, करवंटीनं पाणी उचलायचं, फडक्यातून कळशीत गाळायचं, पुन्हा वाट पाहायची. कळशी निम्मीही झाली नव्हती.

भाऊंनी मान वर केली आणि एकदम ओशाळले.

"आवं साह्यब, तुमी कशाला उतरला? सावलीला बसायचं व्हतं! आता व्हतच आलंय बघा. तुमची चहाची बी सोय करतो."

 साहेब शेजारच्या दगडावर बसले. थोड्या वेळानं त्यांनी भाऊंच्या हातातली करवंटी घेतली आणि खळगी भरायची वाट पाहू लागले. आम्ही तिघं तिथं किती वेळ बसलो कोण जाणे. वर चढताना कळशी साहेबांना घ्यायची होती. त्यावरून मात्र दोघांत वाद झाला आणि तो भाऊंनी जिंकला.

त्या वर्षी दसऱ्यानंतर डोंगरावर चर खणायचं काम सुरू झालं. पुढचे दोन हिवाळे ते चाललं. जानकू सर्वांत जास्त खणायचा. कुणी म्हणालं, दम घे, तर म्हणायचा, "न्हाई रं, येक जीप धुतलीय, तेवढं फेडतोय." पण पाणी काही योजनेच्या घाईनं येत नाही. शिमगा आला की विहीर अजून 'टक्क'च म्हणायची. तेवढ्यात माझी बदली आंबेगाव तालुक्यात झाली आणि मी मंचरला बिऱ्हाड केलं.

मग एक नवीन प्रकार सुरू झाला. दर वर्षी शिमग्यानंतर साळुबाई मला मंचरला भेटायला लागली. कांद्याच्या वखारीसमोर ट्रकांच्या गर्दीत डोक्यावर पदर घेऊन ती हसत उभी असायची. पिशवीतून भाऊंचा निरोप काढायची. निरोप म्हणजे एखादा पुडीचा कागद, 'गुरुजींना वाचाया दे' म्हणून दिलेला. मिश्रीलालशेठच्या गादीवर आता त्यांचा मुलगा प्रितम बसत होता आणि त्यानं प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या. "लई राग येतो त्यांना," साळुबाई सांगायची. "म्हणत्यात, त्या पिशवीवर काय वाचायचं? आरपार दिसतंय आन आत नुसती साखर!" शेवटी प्रितम खास भाऊंपुरती हळद कागदात बांधायला लागला. हळद म्हणजे निमित्त.

आणि मग दोन हजार तीनच्या शिमग्यानंतर साळुबाई आलीच नाही.

मी वखारीवर गेलो. मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, हिरडवाडीचं औंदा कुणीच नाही. मनात नको ते आलं. कधी एकदा जातो असं झालं. रविवारी पहाटेची गाडी धरून नारायणगाव, जुन्नर करत मढच्या फाट्याला उतरलो आणि वाट चढू लागलो. ऊन रणरणत होतं. पहिल्या घराच्या दाराला कुलूप नव्हतं. दुसऱ्याच्याही नव्हतं. जानकूची सून अंगणात कपडे वाळत घालत होती. उन्हाळ्यात, हिरडवाडीत, धुतलेले कपडे!

भाऊ ओसरीवर होते. मांडीवर पिवळा कागद. मला पाहून टोपी सारखी केली. "गुरुजी! बरं झालं आला. शेततळ्याची योजना हाय, पर मुदत संपली."

"साळुबाई कुठायत?"

"हिरीवर. आज सकाळपासनं तिथंच हाय ती."

मी शाळेमागं गेलो. विहिरीच्या कठड्याशी साळुबाई एकटीच उभी होती. पदरात काहीतरी घेऊन. मला पाहून लाजली. मग पदरातला एक खडा काढून आत टाकला आणि माझ्याकडं पाहत राहिली, ऐकलं का, अशी.

डुबुक.

तिनं दुसरा टाकला. डुबुक. मग तिसरा.

"उन्हाळा कसा आहे हो तुमच्याकडं?" मी विचारलं.

"लई गरम हाय, गुरुजी," साळुबाई म्हणाली. "ह्यांनी फसवलं मला." आणि खुदकन हसून तिनं पदरात पुन्हा हात घातला.

मागून भाऊंचा आवाज आला, "आगं, पुरं कर आता! तुझ्या खड्यांनीच बुजंल हिर, आन मग बुजलेल्या हिरीची योजना हुडकत बसावं लागंल मला!"